सात फुटी दारात वाकणारी माणसं

तीस वर्षं मी आमच्या गावच्या नगरपालिकेत घरांचे नकाशे तपासले. नकाशाच्या कागदावर खोल्यांचा आराखडा असतो, बाजूला घर उभं कापल्यासारखा छेद असतो आणि सगळ्यांत ऐटीत काढलेली असते ती दर्शनी बाजू. लोक या दर्शनी बाजूवर फार जीव टाकतात. कमानी, कठडे, कुंडीतलं झाड, काही जण तर अजून न घेतलेली मोटारसुद्धा दारात उभी करतात. मी मात्र आधी छेद बघायचो, कारण घर आतून केवढं आहे ते तिथंच कळतं. अशा माणसाला भंडारा जिल्ह्यातल्या एका घरानं चांगले दोन तास फसवलं, हे सांगायला मला लाज वाटत नाही. लाज वाटते ती दुसऱ्याच एका गोष्टीची.

निमित्त होतं माझ्या भाचीच्या, तृप्तीच्या लग्नाचं. ती आणि प्रफुल्ल पुण्यात एकाच ठिकाणी नोकरीला. दोघांचं आपसांत ठरलेलं होतं. दोन्ही घरं बौद्ध, तेव्हा तोही प्रश्न नव्हता. पण आमच्याकडं मुलीकडच्यांनी मुलाचं घर बघून यायची रीत आहे, आणि प्रफुल्लचं घर आमच्यापासून एक रात्र आणि वर अर्धा दिवस लांब. माझी धाकटी बहीण मालन म्हणाली, "दादा, माझ्यानं एवढा प्रवास होत नाही. तू बघून ये. तू हो म्हणालास तर हो, नाही म्हणालास तर मी पोरीची समजूत घालीन."

तिचे गुडघे दुखतात हे खरं, पण खरं कारण ते नव्हतं. तिकडं गेल्यावर कुणीतरी विचारणार, मुलीचे वडील का नाही आले? तृप्ती अकरा वर्षांची असताना माझे मेहुणे घर सोडून गेले. दोन तालुके पलीकडं त्यांचा दुसरा संसार आहे, हे आमच्या सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. तरीही मालनच्या दारावर त्यांच्या नावाची पाटी पंधरा वर्षं लटकते आहे आणि दर दिवाळीला तिची अक्षरं मीच रंगवत आलोय. तृप्तीचा बायोडाटा लिहिताना वडिलांच्या रकान्यात मीच लिहिलं, 'आखातात नोकरी'. लिहिताना हात जरासुद्धा थबकला नाही. तो कागद वहीत घालून मी नागपूरची गाडी पकडली.

पवनी

नागपूरहून एसटीनं पवनीला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. धानाची कापणी नुकती आटोपलेली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धानाचे भारे रचलेले आणि कापलेल्या शेतांत पुन्हा हिरवं काही उगवलेलं. शेजारी बसलेल्या बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "लाखोरी आहे जी. धान उभा असतानाच बी फेकून देतो आमी. मंग धान गेला का थे वर येते." आमच्याकडं ऊस तुटला की शेत दोन महिने उदास दिसतं. इथं एक पीक उभं असतानाच खाली दुसरं जन्मतं, याचं मला फार बरं वाटलं.

मुक्कामाला एक साधी खोली मिळाली. सकाळी गाव फिरायला निघालो, वही आणि पेन्सिल घेऊन. निवृत्तीनंतर मला हा एक चाळा लागलाय. जिथं जाईन तिथल्या घरांच्या दर्शनी बाजू काढायच्या. पवनीला जुन्या किल्ल्याचा दरवाजा आहे. समोर उभं राहिलं की वाटतं, आत आता केवढा तरी वाडा असणार. आत शिरलो तर दूधवाला, सायकलचं दुकान आणि दात घासत उभा असलेला एक गृहस्थ. दगडी दरवाजा मात्र अजून तोऱ्यात उभा आहे.

जगन्नाथ टेकडीचं नेमकं उलट. लांबून बघितली तर मातीचा उंचवटा, त्यावर गवत. गुरं चरून जावीत अशी जागा. पण ती खोदली तेव्हा आत विटांचा प्रचंड स्तूप निघाला. शेकडो वर्षं लोक तिच्या शेजारून जात होते आणि पोटात काय आहे याचा कुणाला पत्ता नव्हता. मी चप्पल काढून थोडा वेळ तिथं बसलो. चित्र काढायला घेतलं, पण काढणार काय? दर्शनी बाजूच नव्हती.

खाली येऊन एका हॉटेलात पोहे मागवले. हॉटेलवाल्यानं विचारलं, "तर्री पायजे का जी?" आम्ही कृष्णाकाठची माणसं, तिखटाचा आम्हाला केवढा गर्व. म्हटलं, घाला की भरपूर. पोह्यांवर लालभडक रस्सा आला. दुसऱ्या घासाला डोळ्यांतून पाणी आणि तिसऱ्याला कानांतून वाफ. हॉटेलवाला पाण्याचा जग घेऊन शेजारी येऊन उभाच राहिला. "भिवापुरी मिरची आहे, पाव्हणे," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "पाहाले साधी दिसते."

कोंढ्याहून आत

त्या गावाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. कोंढ्याच्या थांब्यावर उतरायचं आणि तिथून आत जायचं, एवढं पुरे. थांब्यावर प्रफुल्लचे वडील सुखदेवराव मोटरसायकल घेऊन उभे होते. पांढराशुभ्र सदरा, ठेंगणी काटक मूर्ती, हसणं संकोची. "जय भीम मामाजी. प्रवासात तरास तं नाई झाला ना?" मोटरसायकल त्यांना नीटशी येत नव्हती. वाटेत दोनदा बंद पडली आणि दोन्ही वेळा त्यांनी चावी उलट्या बाजूला फिरवली. मी तेव्हा काही मनावर घेतलं नाही.

घर बघितलं आणि माझ्यातला नकाशा तपासनीस खूश झाला. पिस्त्याच्या रंगाची भिंत, दोन गोल खांब, त्यांवर तांबूस टाइल, वर कठड्याला कमळाची जाळी. पुढं लोखंडी ग्रीलची छपरी, म्हणजे आमच्याकडची ओसरी. दार सागवानी, चांगलं सात फूट उंच. आत जायच्या आधी मी समोरच्या लिंबाखाली उभा राहून पाच मिनिटांत ते चित्रच काढून घेतलं. सुखदेवराव शेजारी उभे राहून बघत होते. त्यांना चित्र आवडलं की नाही ते कळेना.

दारात पाय धुवायला पाणी आलं. आमच्याकडची ही रीत केव्हाच गेली, आता आम्ही पाहुण्याला सरळ टीव्हीसमोर बसवतो. प्रफुल्लच्या आई शेवंताबाई पदर सावरत पुढं आल्या, जय भीम झाला. छपरीच्या कोपऱ्यात एक सहा फुटी, रुंद खांद्यांचा माणूस खाली सतरंजीवर बसलेला. "हे भोजराजभाऊ, शेजारी आमचे," सुखदेवराव म्हणाले. भोजराज उठून हात जोडून परत सतरंजीवरच बसला. खुर्ची देऊ केली तर म्हणाला, "नाई जी, मी इथंच बरा."

आतल्या खोलीत समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. मी नमस्कार केला, आणि नजर तशीच भिंतीवर राहिली. तसबिरीच्या मागं आणि बाजूला तिच्याहून मोठे तीन फिकट चौकोन होते. भिंतीचा रंग उन्हाधुरानं मळलेला आणि तेवढे चौकोन कोरे. तिथं वर्षानुवर्षं दुसरं काहीतरी टांगलेलं असणार. असेल, म्हटलं, लग्नकार्याच्या निमित्तानं आवराआवर केली असेल.

जेवण वाढलं गेलं. आमच्याकडं भाकरी म्हणजे जेवण आणि शेवटी पोटात कोपरा उरला तर भात. इथं ताटात आधी भाताचा डोंगर, त्याला वाफा, आणि तो तांदूळ इतका सुवासिक की नुसता खावा. सोबत तलावातल्या झिंग्यांचा रस्सा आणि लाखोरीच्या डाळीचे वडे. मी मन लावून जेवत होतो, पण कामाची सवय डोळ्यांतून जात नाही. सुखदेवराव आत आले ते दारात मान खाली घालून. मला वाटलं, पाहुण्यांसमोरचा विनय. मग शेवंताबाई वडे घेऊन आल्या, त्याही दारात वाकल्या. मीठ आणायला गेल्या, वाकल्या. बऱ्याच वेळानं मीठ घेऊन आल्या, परत वाकल्या. सात फुटी दार, आणि पाच फुटांची बाई! तेवढ्यात वाऱ्यानं खिडकी आपटली. सुखदेवरावांना तिचा खिट्टा काही लागेना. बाहेरून सहा फुटी भोजराज उठला, ताठ मानेनं दारातून आत आला, एका बोटानं खिट्टा दाबून वर केला आणि खिडकी बसवली. "थो असाच दाबून लावा लागते," म्हणाला, आणि मग एकदम जीभ चावून बाहेर गेला.

माझा वड्याचा घास तसाच हातात राहिला. ज्याला वाकायला हवं तो ताठ येतो आणि ज्यांना गरज नाही ती वाकतात. हे घर कुणाचं, ते आता मला सांगायची गरज नव्हती.

खरं सांगतो, मला राग आला. नोकरीत असे कागद मी शेकड्यानं परत पाठवले होते. मालनला काय सांगायचं, तेही मनात जुळवून झालं होतं. माणसं खोटी आहेत, पोरीला आवर. हात धुतले आणि सरळ विचारलं, "घराची मागची बाजू बघू का?"

सुखदेवरावांचा चेहरा उतरला. "मांगं काई नाई जी, सांदवाडी आहे," ते म्हणाले. सांदवाडी म्हणजे परसू. मी तोवर चालायला लागलो होतो.

मागं तुराट्यांचं कुंपण होतं आणि त्यात माणूस जाईल एवढी फट. फटीपलीकडं कवेलूचं, म्हणजे कौलारू, मातीचं घर. छप्पर इतकं खाली आलेलं की लांबून दार दिसतच नव्हतं. भिंती ताज्या सारवलेल्या. शेवंताबाई त्या घरातून चहाचं भांडं घेऊन बाहेर येत होत्या, दारात वाकून. मला बघून जागच्या जागी थबकल्या. सगळं जेवण या चुलीवर शिजून या फटीतून तिकडं जात होतं. मीठसुद्धा.

"पाह्यलं ना तुमी," त्या म्हणाल्या. भांडं खाली ठेवलं. "हे आमचं घर. थे नाई. मले सकाळपासून कसंतरी होऊन रायलं होतं जी."

मी काही बोलायच्या आत भोजराज कुंपणातून आला. "चूक माही आहे मामाजी, त्यायची नाई. त्यायले मीच तयार केलं." तो सांगू लागला. प्रफुल्लच्या थोरल्या बहिणीच्या वेळची गोष्ट. मुलाकडचे पाहुणे जीप घेऊन आले. "उतरलेच नाई जी. काचेतूनच कवेलूचं घर पाह्यलं न गाडी फिरवली. वहिनीचा चहा चुलीवर तसाच. पोरगी नवी साडी नेसून बसली होती, थे संध्याकाळपर्यंत बदललीच नाई तिनं. मी माह्या छपरीतून पाहून रायलो होतो. तवाच म्हटलं, पुढच्या वेळी पाव्हणे माह्या घरी उतरतीन." मग घाईघाईनं पुढं म्हणाला, "पोरगी आता साकोलीले दिली, चांगल्या घरी आहे. पन थो दिवस मी नाई विसरलो."

"आणि प्रफुल्लला माहीत आहे हे?"

"नाई," सुखदेवराव म्हणाले. ते माझ्या मागं येऊन उभे होते. "त्याले समजलं तं थो आमाले बोलन. त्याचं शिक्षण झालं, घर राहून गेलं. एवढंच आहे जी."

माझा राग कुठं गेला कोण जाणे. त्या बंद गाडीची काच माझ्या डोळ्यांपुढून हलेना. मी म्हटलं, "चहा झालाय ना? मग आत बसूनच घेऊ." आणि मोठ्या ऐटीत निघालो, ते सरळ दाराच्या वरच्या चौकटीवर कपाळ आपटून खालीच बसलो. शेवंताबाई "वाका, वाका!" ओरडल्या, पण उशिरा. भोजराजची बायको कुंदा पलीकडून धावत आली, हळद आली, थंड पाण्याचा फडका आला. सगळे माझ्याभोवती उकिडवे बसले आणि त्या गोंधळात पहिल्यांदाच आम्ही सगळे मोकळं हसलो.

आत गार होतं, सारवणाचा वास होता. धान भरायची बांबूची उंच ढोली कोपऱ्यात उभी. आणि तिच्याशेजारी पाटावर, भिंतीला टेकवून ठेवलेल्या तीन मोठ्या तसबिरी. विठ्ठल-रखुमाई, गणपती आणि देवी. समोर विझलेलं निरांजन आणि जास्वंदीचं ताजं फूल. मी बघत राहिलो तेव्हा कुंदाबाई लाजून म्हणाल्या, "देव आमचे दोन दिवसांपासून इथंच आहेत. मी पहाटं येऊन पूजा करून जातो. शेवंताताई जागा सारवून ठेवते." मला ते तीन फिकट चौकोन आठवले. एका घरानं आपले देव उतरवून शेजाऱ्याच्या बुद्धाला भिंत दिली होती, आणि या घरानं त्यांच्या देवांना जागा सारवून दिली होती. एका पोराचं लग्न व्हावं म्हणून. माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत अशी फसवणूक कधी माझ्या टेबलावर आली नाही.

"तसं माहं घर भी समोरूनच पक्कं आहे," भोजराज म्हणाला. "एक खोली स्लॅबची. मांगं चाला, दाखवतो, सारी मातीच आहे."

चहा उत्तम होता. मी दोन कप घेतले. दुसरा कप खाली ठेवला आणि वहीतून तो बायोडाटा काढला. कपाळ ठणकत होतं, पण तोंड उघडायला जास्त जड गेलं ते त्यामुळं नाही. "यात एक ओळ खोटी आहे," मी म्हणालो. "मीच लिहिलीय. मुलीचे वडील आखातात नाहीत. पंधरा वर्षांपूर्वी सोडून गेले. मालननं खानावळीला चपात्या लाटून पोरगी वाढवली." एवढं बोलून मी खाली बघत राहिलो. आता यांनी गाडी फिरवली तर मला बोलायला तोंड नव्हतं.

मग शेवंताबाईंनी विचारलं, "पोरीच्या आईनं एकटीनं वाढवलं?"

"हो."

"मंग थेच लिहाचं ना जी. थे काहून लपवलं?"

मी पेन्सिल काढून ती ओळ खोडली.

निघताना सुखदेवराव चाचरत म्हणाले, "मंग मामाजी, घरी काय सांगाल?" मी म्हटलं, "घर पसंत आहे म्हणून सांगीन." भोजराजनं डोळे मिचकावत विचारलं, "कोनतं?" मी हातातल्या वहीनं खालच्या छपराकडं दाखवलं. मग लिंबाखाली न बसता अंगणात बसलो आणि त्या घराचा छेद काढला. आढं, ढोली, चूल, पाटावरचे देव आणि दार. दाराची उंची टेपनं मोजून लिहिली. साडेचार फूट. सुखदेवरावांनी टेपचं दुसरं टोक धरलं होतं.

परत

सरळ मालनच्या घरी पोचलो तेव्हा तृप्ती सुट्टी काढून आली होती. दोघी दारातच उभ्या. मी पिशवी खाली ठेवतो न ठेवतो तोच तिनं माझ्या कपाळाकडं बघितलं आणि तोंडावर हात ठेवला.

"दार लागलं ना, मामा?"

"कुठलं दार?"

"त्यांचं. प्रफुल्ल म्हणतो, पहिल्यांदा येणारा प्रत्येक जण तिथं आपटतो. मी तुम्हाला सांगणारच होते, पण मग तुम्ही म्हणाला असतात, तुला कसं माहीत?" ती हसत होती. ओळखीच्या पहिल्याच महिन्यात त्यानं तिला घराचा फोटो दाखवला होता, आतून आणि बाहेरून.

"आणि तू?" मी हळूच विचारलं. "तू त्याला काय सांगितलंस?"

"सगळं," ती म्हणाली. "बाबांचं पण. त्याच आठवड्यात."

मी सगळं सांगितलं, वहीतला छेद दाखवला, कुंदाबाईंचे देव सांगितले. शेवंताबाईंचं वाक्य त्यांच्याच शब्दांत सांगितलं. थे काहून लपवलं. मालननं ते दोनदा सांगायला लावलं. मग ती उठून आत गेली. मला वाटलं, रडायला गेली.

ती आली ती पेचकस घेऊन. दारापाशी स्टूल ओढलं आणि मला म्हणाली, "दादा, धर." गुडघे दुखतात म्हणणारी बाई स्टुलावर चढली. पाटीचे स्क्रू गंजलेले होते. त्यांवर दर दिवाळीचा माझाच रंग चढलेला. शेवटचा स्क्रू निघेना तेव्हा तिनं पाटीच जोरात ओढली आणि ती सुटून आली.

दारावर फिकट चौकोन उरला. मी सवयीनं म्हणालो, "उद्या रंगाचा डबा आणतो."

"नको," मालन म्हणाली. "लग्नाला ती माणसं येतील. त्यांना बघू दे."